खुडूक कोंबडी आणि उबवणी यंत्र

(घोटी परिसरातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व विस्तार कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा महामार्ग कसारा घाट चढून इगतपुरी मागे टाकतो आणि दोन्ही बाजूंना भाताची खाचरे दिसू लागतात. थोड्याच अंतरावर घोटी लागते. दक्षिणेस कळसूबाईचे शिखर, पूर्वेस सिन्नरकडे जाणारा रस्ता आणि गावात भाताच्या गिरण्या, अशी या गावाची ओळख आहे. भातामुळे घोटीचे नाव दूरवर गेले. परंतु या परिसरातील वाड्या-पाड्यांवर भाताइतकेच घरोघर आढळणारे आणखी एक धन आहे. त्याची नोंद सात-बाराच्या उताऱ्यावर होत नाही आणि बाजार समितीच्या वहीतही होत नाही. ते धन म्हणजे परसातील पाच-दहा गावठी कोंबड्या.

हे धन बहुधा घरातील स्त्रीचे असते. भाताचे पैसे वर्षातून एकदा येतात आणि येण्यापूर्वीच त्यांना वाटा फुटलेल्या असतात. अंडी आणि पिले मात्र अडीअडचणीला हाताशी असतात. तेल-मीठ, मुलांच्या वह्या, दवाखान्याला जाण्याचे भाडे अशा लहान लहान गरजा त्यातून भागतात. म्हणूनच कोंबड्यांची संख्या वाढविण्याचा कोणताही उपाय सुचविताना, तो फसला तर नुकसान कोणाचे होणार, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा.

असा एक उपाय म्हणजे अंडी उबविण्याचे लहान यंत्र. पन्नास-शंभर अंड्यांची, विजेवर चालणारी ही यंत्रे आता खेड्यापाड्यांतही पोहोचली आहेत. बचत गट ती घेतात, शिकलेले तरुण घेतात, काही हौशी मंडळी तर शोभेच्या चिमुकल्या कोंबड्यांसाठीही ती घेतात. यंत्र चांगलेच आहे. परंतु त्यासोबत येणारी माहितीपत्रके बहुधा मोठ्या अंड्यांचा आणि कोरड्या हवेचा विचार करून लिहिलेली असतात. घोटीत अंडे लहान आणि हवा ओली. या दोन गोष्टींमुळे काय फरक पडतो, हा या भाषणाचा विषय आहे.

लहान अंड्याचे वेगळेपण

जगभर लहान चणीच्या कोंबड्यांना ‘बँटम’ म्हणतात. जावा बेटावरील बांतेन या बंदरावरून हे नाव पडले. तेथून जाणाऱ्या युरोपीय गलबतांवर अशा लहान कोंबड्या घेतल्या जात आणि बंदराचे नाव कोंबडीला चिकटले. या कोंबड्यांचे अंडे साधारणतः तीस-पस्तीस ग्रॅमचे असते. आपली गावठी कोंबडी बँटम नव्हे. पण तिचे अंडे चाळीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे फार्मवरील पंचावन्न-साठ ग्रॅमच्या अंड्यापेक्षा बँटमच्या अंड्यालाच अधिक जवळचे आहे.

वस्तू जितकी लहान तितका तिच्या वजनाच्या मानाने तिचा पृष्ठभाग मोठा, हा शाळेतील भूमितीचा नियम येथे लागू पडतो. तीस ग्रॅमच्या अंड्याला दर ग्रॅममागे मिळणारा पृष्ठभाग साठ ग्रॅमच्या अंड्याच्या सव्वापट असतो. परिणामी लहान अंडे लवकर तापते, लवकर निवते आणि सर्वसाधारणपणे त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणीही लवकर उडून जाते. दुसरा फरक दिवसांचा. कोंबडीचे पिलू एकविसाव्या दिवशी बाहेर येते, हे सर्वांना ठाऊक आहे. बँटमची पिले मात्र पुष्कळदा एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच कवच फोडतात. गावठी अंड्यांतूनही काही पिले विसाव्या दिवशी येतात. मोठी व लहान अंडी एकाच यंत्रात एकाच वेळी ठेवली, तर लहान अंडी आधी फुटतात आणि मोठ्यांचे वेळापत्रक बिघडते. म्हणून बँटमची अंडी एक दिवस उशिरा ठेवावीत, म्हणजे सर्वांचा दिवस एकच येतो.

तिसरी गोष्ट किरकोळ वाटते, पण तशी ती नाही. यंत्रातील तबकांचे खण मोठ्या अंड्यांच्या मापाचे असतात. त्यांत लहान अंडे सैल बसते, फिरविताना कलंडते आणि कधी निमुळते टोक वर होऊन बसते. अंड्याचे रुंद टोक नेहमी वर असावे, कारण हवेची पोकळी तेथे असते आणि पिलाला पहिला श्वास तेथेच घ्यावयाचा असतो. खणात कागदाची घडी बसविली की हे काम भागते.

यंत्र जुने, डोळा त्याहून जुना

अंडी कृत्रिम रीतीने उबविण्याची विद्या नवी नाही. प्राचीन इजिप्तमध्ये मातीच्या मोठ्या भट्ट्यांत हजारो अंडी उबविली जात. तेथील कारागीर तापमापकाशिवाय काम करीत; अंडे डोळ्याच्या पापणीला लावून त्याची ऊब ते ओळखत. रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४९ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. इंग्लंडमधील चार्ल्स हिअरसन याने १८८१ मध्ये आपोआप तापमान राखणारे यंत्र तयार केले आणि तेव्हापासून घरगुती उबवणी यंत्राला खरे रूप आले. महाराष्ट्रात पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. तेथून सुधारित जातींची एक दिवसाची पिले पुरविली जातात.

या साऱ्या इतिहासात एक गोष्ट बदललेली नाही. यंत्राने उष्णतेचे काम घेतले. देखरेखीचे काम मात्र माणसाकडेच राहिले.

खुडूक कोंबडी टोपल्यातील पेंढ्यावर बसते तेव्हा ती नुसती बसलेली दिसते. प्रत्यक्षात ती पाच कामे करीत असते. ती ऊब देते. पोटाखालची अंडी चोचीने दिवसातून अनेकदा फिरविते, त्यामुळे वाढणारा जीव कवचाच्या एका बाजूस चिकटत नाही. तिच्या पिसांखालील हवेत बेताचा ओलावा टिकतो. दिवसातून एकदा दाणापाण्यासाठी ती उठते आणि त्या पंधरा-वीस मिनिटांत अंड्यांना मोकळी हवा मिळते. आणि पिले बाहेर यावयाची वेळ आली की ती टोपले सोडत नाही. यंत्र घेणाऱ्याने या पाच कामांचा हिशेब मनात ठेवावा, म्हणजे यंत्रातील प्रत्येक खटका कशासाठी आहे ते उमगते.

ऊब किती द्यावी? पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस. पंखा नसलेल्या साध्या पेटीत वरची हवा अधिक तापते. म्हणून तापमापकाचा गोळा अंड्यांच्या वरच्या पातळीशी ठेवून ३८.५ अंशांच्या जवळपास तापमान राखावे. अंडी हाताने फिरवावयाची असल्यास दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे विषम संख्येत फिरवावीत. रात्रीची वेळ लांब असते. विषम वेळा फिरविल्याने अंडे रोज रात्री वेगळ्या कुशीवर राहते. अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस गोल काढला की चूक होत नाही.

घोटीचा पाऊस आणि अंड्यातील पाणी

आता मुख्य मुद्दा. उबवणीच्या पहिल्या अठरा दिवसांत अंड्याने आपल्या वजनाच्या सुमारे बारा टक्के पाणी गमावले पाहिजे. ते कमी गेले तर हवेची पोकळी लहान राहते, पिलू फुगीर व ओलसर होते आणि श्वास घेण्याच्या वेळी गुदमरते. ते जास्त गेले तर कवचाखालचा पापुद्रा चिवट होऊन पिलाला जखडून टाकतो आणि चोच बाहेर आलेली असूनही पिलू तेथेच मरते. दोन्ही वेळी दिसणारे दृश्य एकच: पूर्ण वाढलेले, पण मेलेले पिलू. कारणे मात्र अगदी उलट असतात. म्हणून मेलेले पिलू पाहून घाईने ‘पाणी कमी पडले’ किंवा ‘पाणी जास्त झाले’ असे म्हणता येत नाही.

माहितीपत्रकात सहसा असे लिहिलेले असते की, यंत्रातील पाण्याचे तबक नेहमी भरलेले ठेवावे. ही सूचना सिन्नरच्या कोरड्या पठारावर योग्य ठरेल. परंतु घोटी-सिन्नर रस्त्याच्या दोन टोकांना हवा एकसारखी नाही. इगतपुरीच्या बाजूस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. सिन्नर पर्जन्यछायेत येते. जुलै-ऑगस्टमध्ये घोटीची हवा ओलाव्याने भरलेली असते. पंचवीस अंशांची अशी ओली हवा यंत्रात शिरून पावणेअडतीस अंशांपर्यंत तापली, तर तबकात पाण्याचा थेंब नसतानाही तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे पंचेचाळीस टक्के राहते. पहिल्या अठरा दिवसांत पन्नास ते पंचावन्न टक्के आर्द्रता पुरते. म्हणजे पावसाळ्यात घोटीला तबकात थोडेसेच पाणी लागते. भरलेले तबक अपायकारक ठरू शकते. याउलट हिवाळ्यातील पंधरा अंशांची कोरडी हवा त्याच यंत्रात तापली की तिची आर्द्रता पंधरा टक्क्यांच्याही खाली जाते. तेव्हा भरलेले तबकही अपुरे पडते आणि लहान अंडी तर अधिकच लवकर सुकतात. एकच गाव, एकच यंत्र; परंतु आषाढात जी रीत तारते तीच पौषात मारते.

वाण्याचा तराजू

मग नेमके किती पाणी ठेवावे? याचे उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा अंड्यालाच विचारावे. त्यासाठी ग्रॅम दाखविणारा एक वजनकाटा पुरेसा आहे. तो गावातील किराणा दुकानातही असतो.

समजा, चाळीस ग्रॅमची तीस अंडी यंत्रात ठेवली. त्यांचे एकूण वजन बाराशे ग्रॅम. बारा टक्के म्हणजे १४४ ग्रॅम. हे वजन अठरा दिवसांत सारख्या गतीने घटावयास हवे. म्हणजे सहाव्या दिवशी ती तीस अंडी ११५२ ग्रॅम, बाराव्या दिवशी ११०४ ग्रॅम आणि अठराव्या दिवशी १०५६ ग्रॅम भरावीत. सहाव्या दिवशी वजन ११६५ भरले, तर पाणी पुरेसे उडालेले नाही. तबकातील पाणी कमी करावे, हवेची झडप थोडी अधिक उघडावी. ते ११३५ भरले, तर पाणी फार गेले, तबक वाढवावे. सातव्या दिवशी तपासून निकामी अंडी काढली, तर उरलेल्या अंड्यांचे वजन नव्याने लिहून तेथून पुढे हिशेब चालवावा. अंडी बाहेर काढून वजन करून परत ठेवावयास पाच-सात मिनिटे लागतात. कोंबडी दाणे टिपावयास याहून अधिक वेळ उठते.

पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्याला येणारे हे शतमानाचे गणित आहे. लहान अंडे असो की मोठे, पाऊस असो की ऊन, हा हिशेब फसवीत नाही. घोटी परिसरात यंत्र चालविणाऱ्याने एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची झाल्यास ती हीच ठेवावी.

अंड्यातील जीव पाहण्याची तपासणीही सोपी आहे. सातव्या दिवशी रात्री अंधाऱ्या खोलीत, पुठ्ठ्याच्या भोकातून येणाऱ्या विजेरीच्या प्रकाशावर अंडे धरावे. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे तांबड्या शिरा व मध्ये काळा ठिपका दिसतो. स्वच्छ दिसणारे अंडे फलित झालेले नाही. तांबडे कडे दिसले तर जीव धरला होता, पण मेला. गावातील वडीलधाऱ्या स्त्रिया कवडशात अंडे धरून हेच पाहतात. त्यांचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये.

यंत्रात ठेवण्यापूर्वी

यंत्र वाईट अंड्याचे चांगले पिलू करीत नाही. अंडी सात दिवसांपेक्षा अधिक जुनी नसावीत. ती थंड जागी, रुंद टोक वर करून ठेवावीत. ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ती चांगली राहतात. मळकी अंडी धुऊन यंत्रात ठेवू नयेत, कारण धुण्याने कवचावरचे नैसर्गिक आवरण जाते आणि रोगजंतूंना वाट मिळते. दूरवरून मोटारीने आणलेली अंडी एक दिवस स्वस्थ ठेवून मगच यंत्रात घालावीत. आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट नर असावा आणि दर वर्षी दुसऱ्या पाड्यावरचा नर आणावा. एकाच रक्तातील संकरामुळे अंड्यातच पिले मरण्याचे प्रमाण वाढते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. खुडूक कोंबडीच्या पोटाखाली एकाच घरची दहा-बारा अंडी असतात. यंत्रात दहा घरची शंभर अंडी एकत्र येतात. पांढऱ्या हगवणीसारखा रोग आईकडून अंड्यात उतरतो आणि यंत्राच्या एकाच हवेत सर्व पिलांना लागतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला, तेव्हा पक्ष्यांचा एक रोग संपूर्ण व्यवसाय कसा बसवू शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. म्हणून ज्या घरी कोंबड्या आजारी आहेत तेथील अंडी घेऊ नयेत आणि प्रत्येक खेपेनंतर यंत्र रिकामे करून, धुऊन, जंतुनाशकाने पुसून, उन्हात वाळवून घ्यावे. सह्याद्रीच्या रानातील राखी रानकोंबडीची अंडी आणून उबविण्याचा मोहही कोणी धरू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तो गुन्हा आहे.

वीज गेली तर

एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. एका पाड्यावरील दहा स्त्रियांनी घरची अंडी न विकता बचत गटाच्या यंत्रात ठेवली आहेत. अठरा दिवस सर्व सुरळीत पार पडले. एकोणिसाव्या रात्री पावसाने झोडपले आणि वीज गेली. यंत्र सांभाळणाऱ्या मुलाने मायेने यंत्राची सर्व भोके बंद केली आणि वर दोन गोधड्या घट्ट गुंडाळल्या. पहाटे वीज आली तेव्हा अंडी कोमट होती. परंतु सकाळी एकाही अंड्यातून आवाज आला नाही.

पिले थंडीने मेली नाहीत. ती गुदमरली. शेवटच्या आठवड्यात अंड्यातील पिलू स्वतःच उष्णता निर्माण करते आणि त्याला प्राणवायूही अधिक लागतो. म्हणून वीज जाण्याच्या वेळी दिवस कितवा आहे, हे प्रथम पाहावे. पहिल्या पंधरवड्यात यंत्र बंद ठेवून वर घोंगडी टाकावी. त्यानंतर घोंगडी टाकली तरी हवेची भोके मोकळी ठेवावीत. काही तासांच्या गारव्याने पिले उशिरा निघतात, काही कमीही निघतात. पण सर्व खेप क्वचितच जाते. त्यापेक्षा अधिक घात अति उष्णतेने होतो. वीज परत आल्यावर तापमान चाळीस अंशांच्या वर जात नाही ना, याकडे लक्ष द्यावे आणि यंत्र उन्हाच्या तिरिपेत किंवा पत्र्याच्या खोलीत कधीच ठेवू नये.

शंभर वॅटचे यंत्र दहा तास चालले तर एक युनिट वीज लागते; त्यामुळे बॅटरीवर रात्र निभावून नेता येते. यंत्राच्या किमतीतच बॅटरीची किंमत धरावी. बॅटरीविना घेतलेले यंत्र म्हणजे बांधाविना केलेले खाचर होय.

शेवटचे तीन दिवस आणि त्यानंतर

अठराव्या दिवशी, बँटमच्या बाबतीत सतराव्या दिवशी, अंडी फिरविणे थांबवावे आणि ती आडवी ठेवावीत. आता आर्द्रता पासष्ट ते सत्तर टक्क्यांपर्यंत वाढवावी. पावसाळा असो वा नसो, या तीन दिवसांत तबक भरलेलेच हवे. कवचाला पहिली भेग पडल्यापासून पिलू बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास लागू शकतात. या काळात झाकण उघडून पाहण्याचा मोह सर्वांनाच होतो. एकदा झाकण उघडले की ओलावा निघून जातो आणि अर्धवट फुटलेल्या अंड्यातील पापुद्रा सुकून पिलाला आवळतो. पिलाला हाताने सोडवू नये. त्या अवधीत ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असते. त्याच बलकावर ते पुढे दोन दिवस दाणापाण्यावाचून राहू शकते.

बाहेर आलेल्या पिलाला पहिला आठवडा पस्तीस अंशांची ऊब लागते. नंतर दर आठवड्यास ती सुमारे तीन अंशांनी कमी करावी. पिले दिव्याखाली गर्दी करून चिवचिवू लागली तर ऊब कमी आहे. दिव्यापासून दूर पळून चोच उघडून धापा टाकू लागली तर ती जास्त आहे. भाताच्या गिरण्यांमुळे घोटीत तूस भरपूर मिळते आणि अंथरण्यासाठी ते उत्तम आहे. मात्र ते कोरडे हवे. ओल्या, बुरशी आलेल्या तुसावर पिलांना फुप्फुसाचा रोग होतो. लहान अंड्याचे पिलूही लहान असते. पाण्याच्या भांड्यात खडे टाकावेत, नाही तर ते उथळ पाण्यातही बुडते. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, या रोगाची लस पहिल्याच आठवड्यात डोळ्या-नाकात थेंब घालून द्यावयाची असते, त्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्याशी अंडी ठेवतानाच बोलून ठेवावे. पिले निघाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

येथे यंत्र व कोंबडी यांची सांगड घालता येते. ज्या घरी कोंबडी खुडूक होऊन दोन-तीन आठवडे बसलेली आहे, तेथे यंत्रातील एक दिवसाची दहा-बारा पिले रात्रीच्या अंधारात हळूच तिच्या पंखांखाली सरकवावीत. सकाळी बहुधा ती त्यांना आपली मानते. बँटम व गावठी कोंबड्या या बाबतीत नावाजलेल्या आहेत. मग दिव्याचा खर्च वाचतो आणि घारीची सावली पडताच पिलांना लपावयास शिकविणारी आईही मिळते. इतर कोंबड्या मात्र अंडी व पिले यांतून मोकळ्या झाल्याने लवकर पुन्हा अंड्यावर येतात. यंत्राचा खरा फायदा तेथे आहे. सगळ्याच कोंबड्यांचे खुडूक होणे बंद पाडणे हा यंत्राचा हेतू नव्हे. ज्या पाड्यावर एकही कोंबडी अंड्यांवर बसत नाही, तो पाडा एका तारेवर अवलंबून राहतो.

हिशेब आणि विश्वास

आता पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या वाट्याचे काम.

पाड्यावरील शंभर अंडी म्हणजे आठ-दहा कोंबड्यांनी घातलेली एक पूर्ण खेप. ती विकली असती तर बाजारी पैसे मिळाले असते. खाल्ली असती तर मुलांच्या पोटात गेली असती. ती यंत्रात ठेवणे म्हणजे त्या घरांनी दिलेले कर्ज होय. म्हणून यंत्र चालविणाऱ्याने मोबदला दर अंड्यामागे न घेता दर जिवंत पिलामागे घ्यावा. असे केल्यास यंत्र नीट चालविण्यात त्याचाही जीव गुंततो आणि तोट्याचा भार केवळ अंडी देणाऱ्या स्त्रीवर पडत नाही.

दुसरे, हिशेब तीन आकड्यांत लिहावा: ठेवलेली अंडी, सातव्या दिवशी जीव धरलेली अंडी आणि निघालेली पिले. उदाहरणार्थ, शंभरपैकी ऐंशी अंड्यांनी जीव धरला आणि चौसष्ट पिले निघाली. वीस अंड्यांचा दोष यंत्राचा नाही. तो नराचा, साठवणीचा किंवा जुन्या अंड्यांचा आहे. उरलेल्या सोळांचा जाब मात्र यंत्राकडे मागावा. हे दोन दोष वेगळे केले नाहीत, तर एक म्हणतो यंत्र वाईट, दुसरा म्हणतो अंडी वाईट, आणि तिसऱ्या खेपेस अंडी कोणीच आणत नाही. यंत्रे केवळ मोडून बंद पडत नाहीत; विश्वास उडाल्यानेही ती माळ्यावर जातात.

शिक्षकांना या कामात मोठे स्थान आहे. वजनाची वही विद्यार्थ्यांकडे सोपवावी. शतमान, सरासरी, आर्द्रता, श्वसन आणि गर्भाची वाढ हे सारे विषय त्या एका वहीत येतात. शिवाय ज्या घरची अंडी, त्याच घरचे मूल हिशेब ठेवीत असल्याने तो हिशेब खरा राहतो. पंचायत सदस्यांनी यंत्रासाठी कोरडी, सावलीची, पक्क्या भिंतींची खोली मिळवून द्यावी आणि वीज बंद ठेवण्याचे वेळापत्रक अगोदर कळेल अशी व्यवस्था करावी. विस्तार कर्मचाऱ्यांनी पहिली खेप ऐन पावसाळ्यात न घेता दिवाळीनंतर घेण्याचा सल्ला द्यावा. तेव्हा पाऊस सरलेला असतो, नवे तूस मिळते, दाणाही घरात आलेला असतो. पहिली खेप शंभराची नको, तीसचीच असावी. तीस अंड्यांची चूक पाड्याला सोसते.

केंद्र शासनाच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात, २०२१ च्या सुधारणेनंतर, ग्रामीण कुक्कुटपालनाची पैदास व उबवणी केंद्रे उभारण्यासाठी अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. परंतु ती योजना हजार पक्ष्यांच्या प्रमाणावर आखलेली आहे. ज्या गटाने तीस अंड्यांचा हिशेब तीन खेपा नीट ठेवला, तो गट पुढे अशा योजनेकडे आत्मविश्वासाने वळू शकेल. जो गट तीस अंड्यांचा हिशेब ठेवीत नाही, त्याला हजारांचे अनुदान मिळाले तरी ते पचणार नाही.

बंधुभगिनींनो, खुडूक कोंबडी एकवीस दिवस एका जागी बसते. तिला वजनकाटा लागत नाही, तापमापक लागत नाही आणि पावसाळ्यात व हिवाळ्यात काय वेगळे करावे, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. यंत्र घेतले की तिचे बसणे वाचते. पण तिला जे उपजत ठाऊक असते ते यंत्राला ठाऊक नसते. ते वहीत लिहावे लागते. घोटीच्या पाड्यांवर ही वही नियमाने भरली गेली, तर लहान अंड्यातूनही घरोघरी धडधाकट पिले निघतील, आणि ज्या स्त्रीने विश्वासाने आपली दहा अंडी आणून दिली, तिला पुढच्या खेपेस पुन्हा दहा अंडी आणावीशी वाटतील.